निशाणाच्या घोड्याची दाढ

देवासला त्या काळी दोन सरकारं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दसऱ्याला दोघांच्याही स्वाऱ्या निघत आणि लोक दोन्ही पाहून तुलना करत. त्यांतल्या एका स्वारीत सर्वांत पुढे खंडोजी निशाण घेऊन चाले, स्वतःच्या घोड्यावर बसून. घोडा स्वतःचा, म्हणून तो शिलेदार. पागेतल्या सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. निशाण दोघांच्याही हातात सारखंच दिसतं, पण खंडोजीच्या घरात आजवर कोणी बारगीर झालेलं नव्हतं आणि आपल्यापासून ते सुरू व्हावं अशी त्याची इच्छा नव्हती.

१९०८ सालच्या श्रावणात त्याच्या घोड्याच्या, माणक्याच्या, खालच्या जबड्याला डावीकडून गाठ आली. भाद्रपद लागेपर्यंत ती फुटली आणि भोकातून पू येऊ लागला. घोडा गवत तोंडात घेई, थोडं चावी आणि ओला बोळा करून टाकून देई.

श्रीपाद हा संस्थानचा पशुवैद्य. मुंबईला परळच्या कॉलेजात शिकून आलेला, पण गावात सगळे त्याला शालोत्रीच, म्हणजे घोड्यांचा वैद्यच, म्हणत, आणि त्यालाही तेच बरं वाटे, कारण डॉक्टर म्हटलं की लोक ठाम उत्तराची अपेक्षा करत. त्याने माणक्याच्या तोंडात हात घालून पाहिलं, वास घेतला आणि सांगितलं की बहुधा एखाद्या दाढेचं मूळ कुजलं आहे, ती काढावी लागेल.

खंडोजीने घोड्याचा ओठ सोडून दिला. घटस्थापनेला पागेचे अधिकारी, पागनीस बळवंतराव, निशाणाच्या घोड्याची लक्षणं पाहत: अंगावरचे भोवरे, खूर, दात. ज्याचे दात कमी तो घोडा हीनदंत, आणि हीनदंत घोडा निशाणाखाली चालत नसे. ही रीत किती जुनी होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती मोडण्याचाही प्रश्न नव्हता. दुसरा घोडा घेण्याची खंडोजीची ऐपत नव्हती.

"पंत," तो म्हणाला, "दाढच असेल तर कुठली ते आधी सांगा. अंदाजानं माझ्या घोड्याचं तोंड उसवू नका."

आणि श्रीपादला नेमकं तेच सांगता येत नव्हतं. एका बाजूला सहा दाढा. भोक तिसरी आणि चौथी यांच्या मधोमध. शिवाय दाढ नसेलही. हाडाची कपची असेल, चाऱ्याबरोबर काहीतरी रुतलं असेल. ही शक्यता त्याने उगाच बोलून दाखवली आणि खंडोजीने ती घट्ट धरून ठेवली. मग श्रीपादला धारच्या यंत्राची आठवण झाली.

धारच्या दवाखान्यात राँटजेनचं यंत्र आलं होतं. हाडांचा फोटो काढणारं यंत्र म्हणून लोक ते लांबून पाहून जात. तिथले डॉक्टर उमाशंकर श्रीपादच्या ओळखीचे होते. त्यांनी उत्तर पाठवलं की घोडा आजवर कोणी आणला नाही, तेव्हा जरूर आणा. खंडोजी माणक्याला हाती धरून चालत निघाला. इंदूरवरून, रोज थोडं थोडं, कारण घोड्याच्या पोटात धड चारा नव्हता. श्रीपाद टांग्याने मागाहून गेला आणि वाटभर आपण हे सुचवायला नको होतं असं मनाशी म्हणत राहिला.

घोडा दवाखान्याच्या दारातून आत जाईना, म्हणून यंत्रच ओसरीवर आणलं. काचेच्या मोठमोठ्या तबकड्या, त्या फिरवायला दोन शिपाई, आणि लाकडी घोडीवर बसवलेला काचेचा फुगा. तबकड्या फिरल्या की तडतड आवाज होई, म्हणून माणक्याच्या कानांत कापूस घातला.

"माणसाला मी सांगतो, भिया, हलू मत, बस," उमाशंकर म्हणाले. "याला कोण सांगणार?"

श्रीपादने तोबऱ्यात क्लोरोफॉर्मचा बोळा ठेवून तो घोड्याला बांधला. पाय दोरांनी आवळून त्याला गवतावर डाव्या कुशीवर निजवलं. काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पाटी जबड्याखाली सरकवली. खंडोजी मान धरून बसला. उमाशंकरांनी त्याला बाजूला व्हायला सांगून पाहिलं, तो हलला नाही. शिपाई घामाघूम होईपर्यंत तबकड्या फिरवत राहिले, फुग्यात हिरवट उजेड धरला, आणि मग सगळं थांबलं. पाहणाऱ्यांना एवढ्यात काही झालं असं वाटलं नाही.

पाटी अंधाऱ्या खोलीत धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी धरली. अशा पाटीवर मांस काळपट दिसतं आणि हाड उजळ. दाढा ओळीने दिसत होत्या, एकीत एक थोड्या मिसळलेल्या, पण दिसत होत्या. आणि जबड्याच्या खालच्या कडेपासून वर गेलेली एक रेघ होती, हाडापेक्षाही पांढरी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब.

"लोहा," उमाशंकर म्हणाले. शिकाऱ्याच्या हातातला छर्रा त्यांनी याच यंत्रावर पाहिला होता, तो असाच पांढरा आला होता. ही तार असावी किंवा खिळा.

श्रीपादला एकदम हलकं वाटलं. खिळा काढायचा, जखम धुवायची, दाढ जागेवर. त्याने ओसरीवर येऊन खंडोजीला तसं सांगितलंसुद्धा. खंडोजीने देवासच्या टेकडीवरच्या देवीला नारळ बोलला आणि घोड्याच्या कपाळावर हात ठेवला. एरवी कुठलीही गोष्ट दोनदा तपासणारा श्रीपाद त्या सकाळी एकदाच पाहून बोलला होता.

माणक्याला पुन्हा निजवलं. श्रीपादने भोक थोडं मोठं केलं आणि आत सळई घातली. लोखंडाला लोखंड लागलं की जो खट् आवाज होतो तो आला नाही. त्याने सळई वळवली, खाली-वर केली. आत मऊच लागत होतं. बाहेर काढली तेव्हा टोकाला लाल लागलेलं होतं, आणि ते रक्त नव्हतं. त्याने ते बोटांत चोळून पाहिलं. तेलकट होतं.

"खंडोजीराव, जखमेत काय घातलंत?"

"देवीचा शेंदूर."

"कधी?"

"रोजच. टेकडीवरनं आणलेला. तेलात कालवून, वात करून आत सारतो. बाहेरनं पुसून घेतो, तुम्हाला घाण दिसू नये म्हणून." खंडोजीला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. देवीचा शेंदूर लावला हे वैद्याला कोण सांगतं?

उमाशंकर पायरीवर बसून हसले, मग सांगू लागले. शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी. शिशातून हे किरण लोखंडातून जातात त्याहूनही कमी पार होतात. खिळा नव्हताच. पुवाने पोखरलेल्या वाटेने शेंदूर आत गेला होता आणि पाटीवर ती वाटच उमटली होती.

श्रीपाद पाटी घेऊन परत खिडकीशी गेला. सकाळी त्याने रेघ पाहिली होती, ती कुठे संपते ते पाहिलं नव्हतं. ती चौथ्या दाढेच्या मुळाशी संपत होती. तिथे मुळाचं टोक झिजल्यासारखं, अस्पष्ट होतं. शेजारच्या दोन्ही दाढांची मुळं रेखीव. आता 'बहुधा' म्हणायला जागा उरली नव्हती. सकाळी ज्याला आशा दिली त्याच्याकडूनच ती आता परत घ्यायची होती.

त्याने खंडोजीलाच आत बोलावलं आणि पाटी दाखवली.

"ही रेघ माझ्या शेंदराची?"

"हो."

"आणि ही टेकली ती दाढ."

"चौथी. सकाळी मी चुकलो."

खंडोजीने पाटी इतक्या जवळ धरली की तिच्यावर श्वासाची वाफ धरली. "मग काढा," तो म्हणाला. "वाट देवीनं दाखवली, आता मी कुठं आडवा येऊ."

शेंदरात शिसं असतं, देवीचा यात संबंध नाही, आणि ते शिसं घोड्याला बाधलं असतं, हे सगळं श्रीपादच्या ओठांवर आलं होतं. त्यातलं शेवटचं तेवढं त्याने सांगितलं.

दाढ काढायला दुपार गेली. जबड्याच्या हाडाला खालून भोक पाडून, मुळावर बोथट छिन्नी टेकवून हातोड्याने ठोकावी लागली. खंडोजी मान धरून होता. दाढ निघाली तेव्हा मूळ काळं पडलेलं होतं आणि ओसरीभर घाण सुटली.

निघताना उमाशंकरांनी खंडोजीला बाजूला घेतलं. समोरचे दात सगळे शाबूत आहेत, ते म्हणाले, पागनीस काय मशाल घेऊन घोड्याच्या घशात उतरणार आहे? श्रीपादनेही मान हलवली. आपण कोणाला काही सांगणार नाही एवढं तो म्हणाला, आणि ते बोलल्यावर त्याला जरा बरं वाटलं. खंडोजी माणक्याला हाती धरून चालू लागला.

घटस्थापनेपर्यंत माणक्या भरला. जखमेवर खपली धरली होती, आणि काट्याकुट्याच्या खुणा लक्षणांत धरत नसत. बळवंतरावांनी भोवरे पाहिले, खूर उचलून पाहिले, ओठ वर करून पुढचे दात पाहिले, आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "निर्दोष." श्रीपाद पागेच्या भिंतीशी उभा होता.

"मागची एक दाढ नाही," खंडोजी म्हणाला. "डावीकडची, खालची."

बळवंतरावांनी पागोटं सारखं केलं. त्यांना राग आला होता, पण तो कशाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तुला कोणी विचारलं होतं?"

"निशाण मी धरतो, पागनीस. तुम्ही नाही."

बळवंतरावांनी मग पागेतली पांढरी घोडी आणवली. खंडोजीने तिच्या पाठीवर हात फिरवला, तंग तपासला, आणि घोडी चालेल असं म्हणाला. श्रीपादकडे त्याने पाहिलं नाही. श्रीपादला वाटलं की आपल्यावर त्याचा राग असावा. मग वाटलं, तसं काही नसावं. त्याचा निकाल लागेना, म्हणून तो घरी गेला.

दसऱ्याला स्वारी निघाली. निशाणाच्या फडफडीने घोडी दोनदा बिचकली आणि दोन्ही वेळा खंडोजीने तिला गुडघ्यांनी आवरलं. धाकट्या-थोरल्यांची तुलना करणाऱ्यांनी घोडा बदलल्याचं पाहिलं, बारगीर हा शब्द दोन-चार ठिकाणी उच्चारला गेला, आणि पुढे हत्ती आला तेव्हा लोक हत्तीकडे पाहू लागले.

माघात खंडोजी माणक्याला घेऊन श्रीपादच्या अंगणात आला. घोडा पुन्हा गवत टाकू लागला होता. खालची दाढ गेली की तिच्यावरची झिजत नाही, वाढत जाते आणि रिकाम्या हिरडीला टोचते. ती थोड्या थोड्या महिन्यांनी घासावी लागेल, जन्मभर, असं श्रीपादने सांगितलं. त्याने हे धारलाच सांगायला हवं होतं, राहून गेलं होतं.

"घासू," खंडोजी म्हणाला. त्याने माणक्याची जीभ एका बाजूला ओढून मुठीत धरली, म्हणजे घोड्याला तोंड मिटता येऊ नये, आणि दुसऱ्या हाताने कानस पुढे केली.

श्रीपादने ती घेतली. दाढ कुठली ते या वेळी पाहावं लागलं नाही.