पर्समधलं पातं

जिना चढताना रुपाली नेहमी फोन कानाला लावायची. पलीकडं कुणी नसायचं. तरी ती मोठ्यानं बोलायची, "हो, आलेच की! तुम्ही दारातच थांबा." मग धापा टाकत वर पोचायची, आत शिरून कडी घालायची आणि कडी नीट बसली का ते पुन्हा हलवून बघायची.

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात तिचं घर. नवरा शिवानंद श्रीपूरच्या साखर कारखान्यात. हंगाम सुरू झाला की त्याचा मुक्काम तिकडंच, सुट्टी मिळेल तसा यायचा. घरी सासरे चनबसप्पा आणि सातवीतली लेक सृष्टी. रुपाली सात रस्त्याजवळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. हुशार, मनमिळाऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा बाईला स्वतःच्याच जिन्याची भीती का वाटावी?

कारण एक माणूस होता. त्याचं नाव मी सांगणार नाही. असल्या माणसाचं नाव लक्षात ठेवण्याजोगं नसतं. आईचं रक्त तपासायला तो लॅबमध्ये आला होता. रिपोर्ट चांगला नव्हता. रुपालीनं त्याला पाणी दिलं, धीराचे दोन शब्द बोलली. एवढंच! पण त्या दिवसापासून तो लॅबसमोरच्या चहाच्या गाड्यावर उभा दिसू लागला. मग तिच्या रिक्षामागं त्याची मोटरसायकल येऊ लागली. मग एके दिवशी तो थेट बोळाच्या तोंडाशी दिसला. त्यानं कधी अंगाला हात लावला नाही, की वाईट शब्द काढला नाही. नुसता हसायचा.

आणि एका संध्याकाळी शेजारून जाता जाता तो म्हणाला, "म्याडम, तुमची सृष्टी सायकल लई जोरात चालवती की. सांभाळा जरा."

 लेकीचं नाव याला कसं कळलं?

तुम्ही म्हणाल, तिनं घरी सांगायचं होतं. पण खालच्या मजल्यावरच्या दानेश्वरीनं असंच घरी सांगितलं होतं. झालं काय? त्या मुलीचंच कॉलेज बंद झालं आणि घाईघाईनं तिचं लग्न उरकलं. छेड काढणारी पोरं मात्र त्याच कट्ट्यावर बसून राहिली. तेव्हा चनबसप्पा जेवता जेवता म्हणाले होते, "बरं केलं त्येंनी. बाईमाणसाचं नाव चौकात जायच्या आत तिला घरात घेतलेलं चांगलं."

सासरे प्रेमळ होते. सृष्टीच्या दप्तराचे बंद तेच शिवायचे. पण ते वाक्य रुपाली विसरली नव्हती. सांगितलं तर नोकरी जाणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलं. तिनं नवी पेठेतल्या दुकानातून एक घडीचा चाकू घेतला. "फळं कापायला," असं दुकानदारानं न विचारताच सांगितलं. तो चाकू पर्समध्ये गेला आणि तिचा उजवा हातही जणू कायमचा पर्समध्येच गेला.

लॅबमधल्या एका मैत्रिणीमुळं ती एका शाळेच्या मैदानावर सकाळी भरणाऱ्या लाठीच्या वर्गाला जाऊ लागली. घरी सांगितलं, "व्यायामाला जाते." तिथं शिकवायच्या गिरिजाबाई. शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. केस पांढरे, पण वेळूची काठी हातात फिरू लागली की वाऱ्याचा नुसता सूं सूं आवाज यायचा.

"काठी मारण्यासाठी नंतर," त्या सांगायच्या. "आधी ती अंतर राखण्यासाठी. समोरच्याला तुमच्यापासून काठीभर लांब ठेवा. घसा फोडून ओरडा. आणि वाट दिसली की पळा. अंतर, आवाज, वाट! यात पळण्याची लाज वाटली तर उद्यापासून येऊ नका."

रुपाली मन लावून शिकली. हात बसला. पवित्रा बदलताना तिचा पाय चुकेना. पण ओरडायची वेळ आली की तिच्या तोंडून आवाजच फुटायचा नाही.

एका सकाळी बाईंनी रबराचे दोन सुरे आणले. ओल्या कुंकवात बुडवले. सगळ्यांना जुने पांढरे सदरे घालायला लावले. "आज दोघींच्या हातात सुरा. जिच्या अंगावर कुंकू लागणार नाही ती जिंकली."

रुपाली त्वेषानं पुढं झाली. जोडीदारणीच्या पोटाला तिनं सुरा लावलासुद्धा! मग तिनं स्वतःकडं बघितलं. मनगट लाल. कोपर लाल. गळ्याच्या खाली एक लांब लाल रेघ. ती केव्हा उमटली हेही तिला कळलं नव्हतं.

"कोण जिंकलं?" बाईंनी विचारलं.

सगळ्याजणी आपापल्या सदऱ्यांवरचे डाग बघू लागल्या.

"पात्याच्या भांडणात असंच असतं. आता खरं सांगा, भीतीपोटी पर्समध्ये चाकू कोण कोण ठेवतं?" बायका एकमेकींकडं बघू लागल्या. रुपालीनं मान खाली घातली. बाई शांतपणे म्हणाल्या, "नाव सांगू नका. पण ऐका. काठी शिकलेल्या हातात असते. चाकू बहुतेक वेळा घाबरलेल्या हातात असतो. आणि घाबरलेल्या हाताला समोर कोण आहे ते दिसत नाही!"

रुपालीनं ते ऐकलं. पटलंही. पण घरी जाऊन चाकू काढून ठेवण्याचं धाडस तिला झालं नाही.

त्याच आठवड्यात ते घडलं.

दिवेलागणीची वेळ होती. ती बोळात शिरली आणि लाईट गेली. मागं मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. तोच असेल? वळून बघायची हिंमत झाली नाही. ती जिन्यात शिरली. काळोख इतका की पायरी दिसेना. एका हातानं कठडा धरून ती चढू लागली. दुसरा हात पर्समध्ये. पातं उघडल्याचा बारीक 'टक' आवाज तिचा तिलाच ऐकू आला. वळणावर कुणाचा तरी श्वास जाणवला. कुणीतरी उभं होतं! एक हात पुढं आला आणि तिच्या खांद्याला लागला.

रुपालीनं डोळे मिटून वार केला.

"यव्वा!"

तो आवाज ओळखीचा होता.

"मामा?"

"मी हाय गं पोरी... लाईट गेली म्हणून खाली येत होतो... बॅटरी लागंना..."

तिच्या बोटांवर काहीतरी गरम ओघळत होतं. चाकू पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला. आणि आजवर कधी न फुटलेला तिचा आवाज त्या अंधारात फुटला. ती किंचाळत राहिली. शेजारी मेणबत्त्या घेऊन धावले. चनबसप्पांचा तळहात आडवा फाटला होता. जरा वर, गळ्याशी लागला असता तर? त्या विचारानं ती भिंतीला टेकून खाली बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. चनबसप्पा सुनेकडं न बघता म्हणाले, "विळी लागली." टाके पडताना त्यांनी 'हूं' सुद्धा केलं नाही.

घरी आल्यावर सृष्टीला झोपवून ते म्हणाले, "आता सांग."

रुपालीनं सगळं सांगितलं. चहाचा गाडा, मोटरसायकल, सृष्टीचं नाव, लाठीचा वर्ग, चाकू.  चनबसप्पांनी बँडेज बांधलेला हात उशीवर टेकवला. मग तेच वाक्य आलं, ज्याची तिला सगळ्यात जास्त भीती होती.

"उद्यापासनं कामाला जायाचं न्हाय. पोरीचीबी सायकल बंद. शिवूला फोन करून सांगतो."

 एवढं रक्त सांडल्यावर रुपाली कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

ती वर्गाला आली नाही, फोनही उचलत नाही, म्हणून काही दिवसांनी गिरिजाबाई स्वतःच घरी आल्या. रुपालीनं त्यांना दारातच सगळं सांगून टाकलं. चनबसप्पांनी त्यांना बसायला सांगितलं, पण आवाजात राग होता. "बाई, तुमीच शिकवलं का हिला हे? काठ्या न् चाकू? बघा हात माजा!"

"चाकू मी शिकवला नाही. चाकू भीतीनं शिकवला," बाई म्हणाल्या. "आणि तिला भीती फक्त त्या माणसाची नव्हती. तुमचीही होती."

"माजी? मी काय केलं तिला? कधी मोठ्या आवाजात बोललो न्हाय!"

"खरं आहे. पण सांगितलं तर घरात कोंडतील, असं तिला वाटलं. आणि तिनं सांगितल्यावर तुम्ही काय केलंत? कोंडलंच की! तो माणूस कुठं आहे आत्ता?"

चनबसप्पांनी खिडकीतून बोळाकडं बघितलं.

"तो मोकळा फिरतोय. शिक्षा कुणाला? तुमच्या सुनेला, तुमच्या नातीला. कुत्रं पिसाळलं तर आपण गल्लीत सगळ्यांना सांगतो, पोरांना आत घ्या म्हणतो, पालिकेला कळवतो. मग इथं का तोंड दाबून बसायचं?"

"नाव खराब हुतं की बाई, बाईमाणसाचं."

"कुणाचं नाव? तिनं काय केलंय?"

 स्वयंपाकघराच्या दारात सृष्टी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "आजोबा, मी सायकल का नाही चालवायची? मी काय केलं?"

 तरुणपणी सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची उंच, अवजड काठी पेललेला तो माणूस, नातीच्या एवढ्याशा प्रश्नाखाली वाकला! डोळ्यांत पाणी आलं. "तू काय न्हाय केलं, अव्वा," ते म्हणाले. "चुकलं ते माजं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रुपालीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तक्रार नोंदवली. हात विळीनं नव्हे, घाबरलेल्या सुनेच्या हातून कापला, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. येताना, बँडेज बांधलेला हात उंच धरून, ते बोळातल्या प्रत्येक दुकानाच्या पायरीवर थांबले. फुलवाला गुरुलिंग, पिठाची गिरणी, मोबाईलवाला, सगळीकडं एकच सांगणं: "एक माणूस माज्या सुनंला तरास देतो. काळी मोटरसायकल. लाज त्याची हाय, आमची न्हाय. दिसला की मला हाक मारा."

मागं उभ्या रुपालीचे कान तापले. पण तिसऱ्या दुकानाशी तिनं मान वर केली होती.

पोलिसांनी त्या माणसाला बोलावून समज दिली. मग तो दिसेनासा झाला. पण मंडळी, भीती अशी लगेच जात नाही. दिसणाऱ्यापेक्षा न दिसणारा माणूस जास्त भिववतो. रुपाली कामाला जाऊ लागली, वर्गालाही. पर्समध्ये आता चाकू नव्हता. तरी प्रत्येक हॉर्नला ती दचकून वळून बघायची.

आणि एका रविवारी कापडी पिशवीत घातलेली काठी घेऊन वर्गाहून परत येताना, बोळाच्या तोंडाशी उभ्या टेम्पोमागून तो पुढं आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्या दिवशी तो हसत नव्हता.

"पोलिसात जाती व्हय? माझी इज्जत घालवली तू!"

जर्किनमधून त्यानं सुरा काढला.

  क्षणभर रुपालीला फक्त ते पातं दिसत होतं, बाकी सगळं जग पुसून गेलं होतं. पण हातांना सवय होती. काठी पिशवीसकट वर आली, तिचं टोक त्याच्या छातीच्या रोखानं स्थिर झालं. आणि तिनं ओरडायला तोंड उघडलं.

"मागं हो! मागं हो म्हणते ना!"

सगळा बोळ दणाणला! तो चमकला, पण थांबला नाही. त्यानं काठी धरायला हात टाकला. ती एक पाऊल मागं सरली आणि त्याच्या सुऱ्याच्या मनगटावर काठी उतरली. सुरा फरशीवर पडला. तो मनगट धरून वाकला, त्याचं डोकं अगदी समोर होतं. आणखी एक घाव घालावा असं तिला वाटलं. भीतीत काढलेले सगळे महिने हातात गोळा झाले होते. पण मोकळी वाट दिसत होती. ती पळाली! थेट गुरुलिंगच्या दुकानात.

आणि एकही शटर खाली आलं नाही. गुरुलिंग हारांची दोरी टाकून बाहेर धावला. गिरणीतून माणसं आली, वरच्या खिडक्यांतून बायका ओरडू लागल्या. त्याला घेरलं. कुणीतरी त्याला हाणायला दगड उचलला, तेव्हा चनबसप्पा मधे उभे राहिले.

"मारू नका! धरून ठेवा. पोलिसांच्या ताब्यात देऊ. आपल्याला त्येच्यासारकं व्हायचं न्हाय."

दुकानाच्या कोपऱ्यात, झेंडूच्या टोपलीजवळ रुपाली बसली होती. काठी तिच्या मुठीतून सुटत नव्हती. चनबसप्पा तिच्याशेजारी खाली बसले आणि तिची बोटं एकेक करून सोडवू लागले.

"मला अजून भीती वाटते, मामा," ती म्हणाली.

"मलाबी वाटती, पोरी," ते म्हणाले. "आता दोघं मिळून भिऊ. एकटी भिऊ नको."

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट शूरपणाची नाही. रुपाली त्या दिवशीही घाबरलेलीच होती. काठीनं तिला काठीभर जागा दिली. जीव वाचवला तो उघड्या राहिलेल्या दारांनी. आणि ती दारं उघडी राहिली, कारण एका म्हाताऱ्यानं लाज ज्याची त्याच्या पदरात टाकली. तुमच्या घरातली लेक, सून, बहीण भीत भीत काही सांगू लागली तर आधी तिचं ऐकून घ्या. तिच्या वाटा बंद करू नका, त्रास देणाऱ्याच्या करा. आपल्या मुलींना काठी जरूर शिकवा, मोठ्यानं ओरडायलाही शिकवा. पण त्याआधी घर असं ठेवा की तिथं तिला ओरडावं लागू नये, नुसतं हळू आवाजात सांगितलं तरी ऐकलं जावं. मनात दाबलेल्या भीतीला धार चढते, आणि ती पहिल्यांदा आपल्याच माणसाला कापते!