कानाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेरचा फलक

गुरुवार, ४ एप्रिल. सकाळपासून ढगाळ, वाऱ्याचं नाव नाही.

मी नंबर दाखवणारा फलक बोलतोय. दवाखान्यात, कानाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर मला टांगलंय. खरं तर बोलणं हे माझं कामच नाही. आत डॉक्टरांनी नंबर दाबला की तो लाल अक्षरांत दाखवायचा, एवढंच माझं काम. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी तो बघून आत जावं, म्हणून मला आणलं. टाळ्या काय, फोटो काय, थाटात उद्घाटन झालं.

मग उकाडा वाढला. भिंतीत सॉकेट एकच. शिपायाने माझी पिन काढून आपल्या टेबलफॅनची लावली. आत डॉक्टर नंबर दाबत राहिले, बाहेर मी काळाठिक्कर. एकदा तरी दार उघडून बघावं? छे! शिपाई नंबर पुकारतो, तोही फॅनकडे तोंड करून. कोणाला? बहिऱ्यांना!

गेल्या गुरुवारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून दुकानाच्या मालकाने त्यांना एप्रिलअखेरची मुदत दिलेली. कानाचं मशीन मिळालं तर काम राहणार, आणि मशीनला तपासणी हवी. सकाळभर त्या शिपायाच्या पाठीकडे टक लावून बसल्या. शेवटी उठून विचारलं, तर तो डाफरला, "तीनदा पुकारलं, मावशी! बहिऱ्या आहात का?"

त्याचे ओठ बघून त्या म्हणाल्या, "हो. म्हणून तर इथे आले."

ज्यांना ऐकू आलं ते हसले. शिपाई म्हणाला, "पुढच्या गुरुवारी या." माझ्यात वीज असती तर तिथल्या तिथे लालबुंद झालो असतो!

आज त्या पुन्हा आल्या. माझ्यासमोर बसल्या. माझ्याकडे बघितलं, मग सुटलेल्या दोऱ्याचं टोक शोधावं तशी माझ्या वायरीवरून नजर खाली नेली. उठल्या, फॅनची पिन उपटली आणि माझी खोचली.

"अहो मावशी! हात नका लावू! ऐकताय का?" शिपाई ओरडला.

मावशींची पाठ त्याच्याकडे होती.

माझ्यावर सतरा उमटले. कोपऱ्यातले एक आजोबा ताडकन उठले. "अरेच्चा, माझाच की!" कधीचे बसले होते बिचारे.

लोकहो, मला भिंतीवर टांगलंत म्हणजे काम संपलं नाही. ऐकू न येणाऱ्यावर ओरडून काय साधतं? दाखवा की! मेहेरबानी नको, हार नको. मला चालू ठेवा.

मावशींचा नंबर बावीस. तो लागला तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. तपासणी झाली, मशीनच्या कागदावर सही झाली. त्या बाहेर आल्या तेव्हा सॉकेटमध्ये फॅनची पिन होती. बाकांवर अजून नऊ जण बसले होते.