खालचं स्टेशन

"हात आत घ्या! तुटून पडला तर शोधायला दरीत कोण उतरणार?"

ती ओरडली तसा खिडकीबाहेर मोबाईल धरलेला पाहुणा दचकून मागे सरकला. तिकीटवाला हसला. "तिखटबाई, अहो, पैसे मोजून आलेत ते."

"मग काय कडेवर घेऊ?"

रोपवेच्या खालच्या स्टेशनात तिचं काम एवढंच. आलेल्या पाळण्याच्या काचा पुसायच्या, माणसं बसवायची, दार लावायचं. नवरा गेल्यावर याच फडक्यावर तिनं एकुलता एक मुलगा शिकवला. तो लांबच्या शहरात साहेब झाला, तिकडेच लग्न केलं, आणि मग फोनही यायचे थांबले. कुणी विचारलं की ती फटकन म्हणायची, "कामात बुडालाय. तुमच्यासारखा रिकामटेकडा नाही." पण रांग लागली की एकूण एक चेहरा निरखून घ्यायची.

आज तो रांगेत होता.

अंगात भारी कोट, शेजारी बायको, मागे सासू-सासरे आणि बोट धरून चालणारी चार-पाच वर्षांची पोर. पोरीची हनुवटी थेट आजीचीच, पुढे आलेली, भांडखोर. तिच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानंही तिला पाहिलं. पाहिलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

लाजतोय, तिला वाटलं. चारचौघांत एकदम कसा बोलेल? जवळ आला की बोलेल.

पाळणा आला. तिनं हात देऊन सासूबाईंना बसवलं. पोर मात्र दारातच थबकली आणि मान वर करून डोंगराकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमची आई वर गेलीय ना? मग आता आपल्याला भेटेल?"

"अगं वेडे, तसं वर नाही गं," सून हळहळली. "बाबा लहान असतानाच देवाघरी गेली ती."

जिला अख्खं स्टेशन टरकून असायचं त्या जिभेचा एक शब्द पुरला असता. तिनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत नुसती गयावया होती. लहानपणी हातून काही फुटलं की असाच बघायचा.

"मावशी," तो म्हणाला, "दार लावा."

तिनं लावलं. दोनदा ओढून पाहिलं. नियमच होता तसा.

पाळणा धुक्यात शिरला. तिकीटवाल्यानं विचारलं, "काय हो, आज तोंड बंद? बरं नाही का?"

"तोंडाला सुट्टी दिलीय."

तासाभरानं ते परत आले. तो सगळ्यांच्या आधी उतरला आणि मागे न बघता गाडीकडे चालू लागला. पोरीला फटीवरून उचलून तिनंच फलाटावर ठेवलं. अंगानं चांगली भरलेली होती पोर.

"नव्हतीच ती वर," पोर कुरकुरली. "नुसतं धुकं."

"एवढ्या थंडीत कशाला थांबेल ती?" ती म्हणाली. "जा, आई हाक मारतेय."

रिकाम्या पाळण्यात काचेवर, अगदी खाली, इवलंसं नाक दाबून धरल्याचा ठसा होता. भोवतीची वाफ अजून विरली नव्हती.

"मावशी, आटपा की," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

तिनं फडकं झटकलं आणि काच पुसली.