गिरधरच्या अंगातली झोप

गिरधरला मॉर्फियाची सुई मिळाली आणि तो तीन तास ढाराढूर झोपला. ऑपरेशन त्याच्या बायकोचं झालं होतं. पण हे घडलंच नाही असं धरून चालू. दवाखान्याचंही तेच म्हणणं आहे.

सन पंचावन्नची गोष्ट. एरंडोलहून गिरधरच्या बायकोला, शेवंताबाईला, अपेंडिक्ससाठी जळगावच्या एका दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा तिचे सासरे झुलालआबा म्हणाले, "गाडी जाईच ऱ्हायनी, ते मना हार्निया बी उरकी टाका." एका खेपेत दोघांची पोटं शिवून झाली. मधे एक पांढरा पडदा. अलीकडे बाया, पलीकडे पुरुष.

शुद्धीवर येताच आबांनी "मरी गऊ व माय!" अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बिथरला. कंपाउंडर पितांबर सुई घेऊन धावला. थोड्याच वेळात आबा शेजारच्या खाटेला केळीच्या बागेबद्दल सल्ले देऊ लागले.

पडद्याअलीकडे शेवंताबाई पदराचा बोळा दातांत धरून छताकडे बघत होती. ओठ पांढरेफटक. उशी घामानं भिजलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली, सासऱ्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. तो पहिल्यांदा किंकाळी म्हणून ऐकवायची तिची तयारी नव्हती.

"लई दुखस का?" गिरधर कुजबुजला.

तिनं मान डोलावली. "आबा ऐकतीन."

गिरधर पितांबरकडे गेला. "भाऊ, तिलाही सुई द्या ना."

"ओरडल्या का?"

"नाही, पण..."

"मग दुखत नाही. ओरडेल त्याला सुई, असा साहेबांचा हुकूम आहे. आणि बायामाणसाला सवय असते हो. पुरुषाचा जीव नाजूक."

गिरधर खाटेकडे वळला. परत येऊन पाहतो तो शेवंताबाईची बोटं खाटेच्या लोखंडाला अशी आवळलेली, की सोडवता येईनात. तो आबांपाशी धावला.

"आबा, तिला ओरडायची परवानगी द्या."

"मी काय वाघ शे? वरडू दे ना," आबा उदारपणे म्हणाले. "फक्त मना कानवर पडाले नको."

आता एकच उपाय उरला. गिरधर बायकोच्या खाटेशी उभा राहिला, डोळे मिटले आणि तिच्या वतीनं बोंबलला. चांगला बोंबलला. घोडा पुन्हा बिथरला.

पितांबर दोन वॉर्डबॉय घेऊन आला. बायांच्या वॉर्डात पुरुष ओरडतोय, म्हणजे पलीकडचा पेशंट भ्रमिष्ट होऊन इकडे आलाय, हे त्यांना सांगावंच लागलं नाही.

"मला नाही, हिला दुखतंय!"

"हो हो, दादा," म्हणत त्यांनी त्याला उचललं, आबांशेजारी आडवं केलं आणि हुकूम पाळला.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. जीभ जड. भिंत धरत तो पडद्याअलीकडे गेला. शेवंताबाईच्या पदराला भोक पडलं होतं. खाटेच्या कागदावर पितांबरनं लिहिलं होतं, "शांत. तक्रार नाही."

गिरधरनं कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं:

"मे. डॉक्टरसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार गिरधर झुलाल, राहणार एरंडोल, यास आज दुपारी दिलेल्या झोपेची गरज नव्हती. सबब विनंती की, सदर झोप अर्जदाराच्या अंगातून काढून बाई शेवंता, खाट नंबर चार, यांचे नावे वर्ग करण्यात यावी. आणि तोवर अर्जदाराच्या वडिलांचे दोन्ही कान सरकारजमा करण्यात यावेत."