कपाटातला मीटर

मला सांगा, बत्तीस वरसं शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आंधळा म्हणायचं म्हंजी काय? डोकं फिरणार की न्हाय?

लोखंडाचा रस मी नुसत्या रंगावर वळखतोय. लाल, मग पिवळा, मग पांढरा झाला की साच्यात वतायचा. कधी चुकलो न्हाय. आता गाड्या हलक्या पायजेत म्हणून कंपन्या ॲल्युमिनियमचं पार्ट मागाय लागल्या. आमच्या श्रेणिक शेठांच्या पोरानं, सम्मेदनं, तसली ऑर्डर आणली. आणू दे की. पर ॲल्युमिनियम लई लबाड. सातशे डिग्रीला जसं चांदीगत दिसतंय तसंच नऊशेला. मी आपला रंग बदलायची वाट बघत तापवत बसलो. रस जादा तापला, पार्टात आतनं भोकं पडली, कंपनीनं सगळा माल परत धाडला. माझी चूक झाली, मान्य हाय.

पर तापमान मोजायचा मीटर मी तीनदा मागितलाता. मीटर होता की! सम्मेदच्या केबिनात, काचंच्या कपाटात. कंपनीचं पावणं आलं की दाखवायला. तुम्ही लोक फोडशीला, असं म्हणून भट्टीकडं कधी दिला न्हाय.

सोमवारी सम्मेदनं मला केबिनात बोलावलं. शेठ बी बसलं होतं. कंपनीला धाडायचा कागद सम्मेदनं माझ्याफुडं सरकवला. 'सयाजी पोवार यांची नजर अधू झाल्यामुळे चूक झाली. त्यांना कामावरून कमी केले आहे.' आणि वर मलाच सही करा म्हणतोय! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

कागदामागं तापमानाचा तक्ता जोडलाता. रोज सातशे दहा. महिनाभर एका डिग्रीचा फरक न्हाय. प्रत्येक दिवसाफुडं सम्मेदची सही.

मी तक्ता शेठांच्या हातात दिला.

"शेठ, मीटर कपाटातनं हाललाच न्हाय. मग हे मोजलं कुणी?"

सम्मेद म्हणाला, सगळीकडं असंच भरत्यात. शेठांनी त्याच्याकडं बघितलं बी न्हाय. चष्मा लावून एकेक ओळ वाचली. मग पेन काढलं, पहिल्या कागदावरचं माझं नाव खोडलं आणि तिथं पोराचं नाव लिहिलं. बाकी मजकुराला हात लावला न्हाय.

"कर सही," शेठ त्याला म्हणालं.