फिलिन्नाची जागा

निकान्दरानं गेलेल्या बायकोच्या, फिलिन्नाच्या, केसांत हस्तिदंती काटा खोचला, तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर पाद्री लिओन्तिओस उभा होता. त्याच्या मागे चौघे जण रिकामी तिरडी घेऊन थांबले होते.

"गुरुजी, बाईंना न्यायला आलोय."

लिओन्तिओस एके काळी याच ओसरीवर बसून निकान्दराकडून तत्त्वज्ञान शिकला होता. आता तिथं कुणी शिकायला येत नसे. कॉन्स्टँटिनोपलहून जुन्या देवांची पूजा बंद करायचा बादशहाचा हुकूम सुटला होता, वेशीवरच्या दगडातून अफ्रोदिती देवीचं नाव छिन्नीनं खरवडून काढलं होतं. ख्रिस्ती जमावानं जुने देव मानणाऱ्या पंडितांची घरं एकेक करून फोडली. त्यांच्यातल्या हर्मोक्रातेसला तर भर बाजारातून फरफटत नेऊन मारलं. निकान्दराच्या दारावर मात्र कधी साधा खडाही पडला नाही. 'माझ्यासमोर यायची छाती नाही त्यांची,' असं तो जेवताना सांगे, आणि फिलिन्ना त्याच्या ताटलीत आणखी थोडे ऑलिव्ह वाढी.

"घर चुकलास," तो म्हणाला. "तर्कात कच्चा होतासच, आता रस्तेही विसरलास?"

तिरडीवाल्यांतला एक जण फिसकन हसला. लिओन्तिओस हसला नाही.

"त्या आमच्यातल्या होत्या, गुरुजी. बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षं झाली."

"खोटं!"

"हर्मोक्रातेस गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या बिशपांकडे आल्या. म्हणाल्या, मला घ्या, पण माझ्या नवऱ्याला हात लावू नका. आणि त्यांना यातलं काही कळता कामा नये. दर रविवारी यायच्या. एकदाही चुकल्या नाहीत."

"रविवारी ती बहिणीकडे जायची," निकान्दर पुटपुटला. "लोकर कातायला."

लिओन्तिओस हळूच म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात तर आम्ही परत जाऊ. बळजबरी नाही."

शहाण्यानं मरणाचा शोक करू नये, हे निकान्दरानं आयुष्यभर शिकवलं होतं. तो आत गेला. अंगावरचा तत्त्वज्ञांचा जाडाभरडा झगा त्यानं उतरवला, फिलिन्नाला नीट पांघरला, आणि नुसत्या अंगरख्यानिशी बाहेर येऊन दारातून बाजूला झाला.

चर्च म्हणजे देवीचं जुनं देऊळच. भिंती नव्या, खांब तेच. देवीची मूर्ती काढल्यापासून त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. आत शिरल्यावर कुठं उभं राहावं ते त्याला कळेना. बायकांच्या बाजूनं एका म्हातारीनं त्याला खूण केली.

"सरका गं जरा, फिलिन्नाचे मालक आलेत. इकडं या हो, आजच्या दिवस कोण काय म्हणतंय! ती इथंच उभी राहायची, या खांबापाशी."

"गायची का?"

"छे! ओठ म्हणून हलवायची नाही. खांबावर हात ठेवायची नि डोळे मिटायची. आम्ही चेष्टा करायचो, खांब काय पडतोय का बाई, म्हणून. तर नुसती हसायची."

"कुणाची प्रार्थना करायची ती?"

म्हातारीनं त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "हे काय विचारणं? देवाचीच की."

पुढं गाणं सुरू झालं. त्याला त्यातला एक शब्द येत नव्हता. त्यानं खांब चाचपला. संगमरवर सगळीकडे गार आणि खरबरीत होता; फक्त खाली एका जागी तळव्याएवढा गुळगुळीत. फिलिन्ना जेमतेम त्याच्या छातीपर्यंत यायची, आणि हात खाली सोडूनच ती खांबाला टेकवत असावी. तिथवर हात पोचायला त्याला पाठीतून बरंच वाकावं लागलं.

"बघ, बघ," मागं कुणीतरी कुजबुजलं. "नमला म्हातारा शेवटी."

निकान्दरानं ते ऐकलं. हात तसाच ठेवला.