दम कुणाला लागतो

"चालताना दम लागतो का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला नाही," हे म्हणाले. "हिला लागतो."

मी बोलणार काय, कपाळ? मीच शिकवलेलं उत्तर होतं ते. कितीतरी दिवस मीच म्हणत आले होते, अहो, जरा थांबा, मला धाप लागली. बाजारातून येताना वाटेतल्या दुकानांशी थांबायचे आणि काचेआडचं काहीही बघत बसायचे. चपला, कुलपं, एकदा तर न्हाव्याच्या दुकानातलं दरपत्रक वाचत उभी राहिले. धाप लागायची ती ह्यांना. चेहरा पांढराफटक पडायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण तसं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की चिडून आणखी भराभर चालणार. माणूस रंगारी. जन्म गेला शिडीवर उभं राहून छतं रंगवण्यात. थकलात का, असं कुणी नुसतं विचारलं तरी ह्यांचं डोकं फिरायचं. म्हणून मग मीच थकायला लागले.

आणि मी एकटीच नव्हे. ह्यांचा जोडीदार लंबू, दोघं मिसरूड फुटल्यापासून एकत्र काम करतात. त्याने आपली पाठ वाकत नाही असं सांगून छत आणि भिंतीचा वरचा भाग स्वतःकडे घेतला, खालचा ह्यांना दिला. लेक आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. "वर नुसता पसारा आहे बाबा, मीच खाली येते," असं तिने सुरू केलं. आम्ही तिघांनी बसून ठरवलं वगैरे नव्हतं. ज्याने त्याने आपापलं खोटं शोधलं आणि ते छान चालून गेलं.

झालं असं की, हेच आम्हाला सांभाळून घ्यायला लागले. लंबूची पाठ गेली, बायकोची छाती भरते, पोरीला घर आवरत नाही, मी एकटा काय तो धडधाकट, असं येईल त्याला सांगायचे. दवाखान्यातसुद्धा मला दाखवायचं म्हणूनच आले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आलाच आहात तर म्हणून ह्यांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग हृदयाची तपासणी, आणि तिथून ह्या मोठ्या डॉक्टरीणबाई.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. हृदयातून रक्त बाहेर जातं तिथली झडप कडक झाली आहे, फारच थोडी उघडते. त्रास काहीच नसेल तर लक्ष ठेवून थोडं थांबता येईल. पण दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर थांबण्यात जिवाला धोका आहे, झडप बदलायलाच हवी. म्हणून नीट आठवून सांगा, असं त्या पुन्हा म्हणाल्या.

"छे, काही नाही," हे म्हणाले.

त्या तसंच लिहून घ्यायला लागल्या.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. "दम ह्यांनाच लागतो. मला कधीच लागला नाही."

एकदा तोंड उघडल्यावर मग काही मागे ठेवलं नाही. चपला, कुलपं, लंबूची पाठ, पोरीचा पसारा, सगळं सांगितलं. हे आपल्या हातांकडे बघत बसले. नखांच्या कडेला पांढरा रंग होता, तो खरवडत राहिले.

घरी येऊन दार लावल्यावर ह्यांनी विचारलं, "लंबूची पाठ?"

"ठणठणीत आहे."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला म्हातारा केलंत आणि मलाच सांगितलं नाहीत."

मला रडू आलं. म्हटलं, "हो, चुकलं. पण तुम्हाला काही होईल ही भीती मी कुणापुढे बोलू? तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

हे उठले आणि लेकीकडे जायला निघाले, जिन्याने. मला येऊ नको म्हणाले. मी गेले नाही, पण दारात कान देऊन उभी राहिले आणि ह्यांची पावलं ऐकत राहिले. ती लवकरच थांबली. बराच वेळ काही ऐकू येईना. शेवटी न राहवून गेले, तर मध्येच पायरीवर बसलेले, हात छातीवर.

"पोरीला खाली बोलाव," म्हणाले. "आणि त्या बाईंना सांग, करून टाका."

छाती उघडून झडप बदलली. तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. शुद्धीवर आल्यावर बोलू लागले ते समोरच्या भिंतीबद्दल. पुट्टी न घासताच रंग फासलाय मेल्यांनी. नर्स हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर जड उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. लंबू तोंड पाडून भेटायला आला. ह्यांनी त्याला खाली वाकायला लावलं, पायाचे अंगठे धरायला लावले आणि मग यथेच्छ शिव्या दिल्या. दोघं इतके हसले की उशी शोधायची पळापळ झाली. त्याच दिवशी ह्यांनी फर्मान काढलं. या घरात यापुढे कुणी दुसऱ्याच्या वाटचं थकायचं नाही. ज्याला दम लागेल त्याने तोंडाने सांगायचं. आम्ही माना डोलावल्या. हे स्वतः कधी सांगतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मग रोजचं चालणं सुरू झालं. ओठांना रंग आला होता, भूक लागत होती. आज थोडं, उद्या जरा पुढे, असं करत चढापर्यंत पोचलो. मी शेजारून चालायचे आणि जीभ दाताखाली धरून ठेवायचे.

त्या दिवशी चढाच्या मध्यावर हे थांबले. नेमके समोरून एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांचं अख्खं घर ह्यांनीच रंगवलेलं. "काय हो, मध्येच उभे?" त्यांनी विचारलं. सवयीने माझं तोंड उघडलं. ह्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"दम लागलाय," हे म्हणाले. "हृदयाचं ऑपरेशन झालंय. जरा उभा राहतो."

गृहस्थ बरं म्हणाले, काळजी घ्या म्हणाले आणि गेले. मागून माणसं येत होती, आम्हाला वळसा घालून पुढे जात होती. ह्यांनी भर रस्त्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगला भार टाकला. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले.